चाळणीखालचं बी

बंगळूर
१२ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही म्हणाल, सूनबाईला आज सासू कशी आठवली. म्हणा. धैर्यशील गेल्यापासून मी तुम्हाला धड पत्र लिहिलेलं नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि यशराजला मध्ये घातलं की तुमचा हा पुतण्या निम्मं स्वतःच्या मनाचं सांगतो. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले.

आत्या, कामाचं लिहिते. शेवटच्या संक्रांतीला धैर्यशील शिरोळला आला होता, तेव्हा त्यानं तुमच्याकडे बियाण्याची एक पिशवी ठेवली होती. बारीक दाण्याचं सोयाबीन. आठवतंय का? सहा-सात वर्षं खपून त्यानं ते वाण तयार केलं होतं. त्याच्या मागं आमच्या बियाणं संशोधन संस्थेनं ते नुसतं थंड खोलीत ठेवून दिलं. या उन्हाळ्यात त्या खोलीचं यंत्र बंद पडलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. परवा मी ते बी ओल्या फडक्यात घालून बघितलं. एकही दाणा उगवला नाही.

आणि आत्ताच एक कंपनी ते वाण मागत आली आहे. वाण मंजूर झालं तर त्याच्यावर कायमचं धैर्यशीलचं नाव लागेल. पण बीच नाही तर नाव कशावर लावणार? तुमच्याकडे मूठभर तरी शिल्लक आहे का? सोयाबीनचं बी नुसतं ठेवलं तर दोन वर्षांपुढे टिकत नाही हे मला माहीत आहे. तरी विचारते.

तब्येतीला जपा.

तुमची
संयोगिता


शिरोळ
२७ ऑक्टोबर २०२४

चि. संयोगिता हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तवा मला वाटलं लाईटबिल आलं. मग अक्षर बगितलं. आधी सांगते, मला राग हाय. तेराव्याचं जेवण झालं आन् तू बॅग उचलून गेलीस. वर्साच्या दिवसाला आलीस ती बी पावण्यागत, सांच्याला परत. पर तू बियाचं इचारलंस म्हणून राग बाजूला ठेवला.

ठेवलं हाय म्हंजे काय. अगं, म्या ते दर साल पेरतीया. धैर्या म्हणला हुता, "आई, हे जपून ठेव, घालवू नगंस." एवढंच बोलला आन् च्या पिऊन गेला. महिन्याभरात मलकापूरच्या पुढं घाटात त्याची गाडी पलटी झाली. त्येचं शेवटचं सांगणं ते. मी घालवीन व्हय?

त्याच साली पूर आला. किस्नामाई उंबऱ्याला लागली. बायका ट्रंका, मिक्सर, पितळंची भांडी घिऊन छावणीत निघाल्या, मी उरल्या बियाचा पत्र्याचा डबा घिऊन निघाले. शेजारची जरीना म्हणली, काकू, डब्यात सोनं हाय का काय? म्या म्हटलं, हाय. तिनंच एक बाजू धरली. निम्मं बी म्या आधीच माळाकडच्या रानात पेरलं हुतं, तिथवर पाणी गेलं न्हाय. माझ्या डोळ्यादेखत बाकी सगळा ऊस झोपला, ह्ये तेवढं उभं राह्यलं.

यंदा चौथं पीक निघालं. बी निवडून, वाळवून, लिंबाचा पाला घालून ठेवलंय. तू बारीक बारीक काय म्हणतीस, आता यिऊन बघ म्हणावं. न्हाय सांगत. यशराज म्हणला फोटू पाठवू, म्या न्हाय म्हटलं. पार्सल उघडशील तवाच बघ.

अंबूबाई


बंगळूर
९ नोव्हेंबर २०२४

आत्या,

पत्र ऑफिसात उघडलं आणि तिथंच रडायला लागले. पलीकडच्या टेबलावरची अनुजा पाणी घेऊन आली, तिला वाटलं घरी काही वाईट झालं. मी म्हटलं, माझ्या सासूनं पुरातून बी वाचवलंय. तिला काही समजलं नाही, पण तीही रडली.

साहेबांशी बोलले. बी हातात आलं की जानेवारीत पाणी देऊन पेरायचं आणि उन्हाळ्यात भरपूर बियाणं करून घ्यायचं ठरलं आहे. अर्जावर वाण तयार करणाऱ्याचं नाव म्हणून धैर्यशील बाळासो आणि पुढं आपलं आडनाव, असं मी माझ्या हातानं लिहिलं. मामंजींचंही नाव आपोआप आलं.

ते सोयाबीन कशाला लागतं ते तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल. जपानात ते उकडून, आंबवून भातावर घेतात, नाट्टो म्हणतात. बोट लावलं की तार सुटते. धैर्यशीलनं मला पहिल्यांदा खायला घातलं तेव्हा मी बेसिनकडे पळाले होते. तो एकटाच वाटीभर खात बसला.

पार्सलमध्ये किलोभर पाठवलंत तरी पुष्कळ झालं. तुम्ही गुपित ठेवलंय ते मी ओळखलं आहे. पोत्यांनी पिकवलंय ना?

संयोगिता


शिरोळ
२५ नोव्हेंबर २०२४

चि. संयोगिता,

पार्सल यशराजनं लावलं. किलो मागितलंस, पाच धाडलंय. आंबवून खावा न्हायतर कच्चं खावा, मला इचारू नगा. तार सुटलेलं मी मेले तरी तोंडात घालणार न्हाय.

आता उघडलंच असशील तर सांगते. बगितलास दाणा? पयल्या साली निघालं तवा मला कशी लाज आल्ती. एवढं राबायचं आन् दाणा बघावा तर ज्वारीगत. मळणी मशीन गुंडूचं. मशीनवरची पोरं हसाय लागली, "काकू, हे सोयाबीन हाय का वऱ्याचं तांदूळ?" म्या त्येंच्यावर डाफरले, पर मनात म्हटलं खरं हाय की. लेकाचं बी आन् असलं खुरटं. कुणाला दावू?

तवाच ठरवलं. आपल्यात बी धरायचं म्हंजे टपोरं धरायचं, ह्ये मला माझ्या सासूनं, चिमणाबाईनं शिकवलं. ढिगात कुठं कुठं चांगलं भरलेलं दाणं दिसत हुतं. ताडपत्रीवर बसून म्या ते एकेक येचलं. डोळं गेलं, कंबर गेली, पर येचलं. दुसऱ्या साली तेच पेरलं. मग चाळण आणली. वर राहील ते बियाला, खाली पडंल ते खायाला. दर साल दाणा सुधरत गेला. आदी नुसती पांढरी फुलं यायची, मग जांभळी बी दिसाय लागली, यंदा तर समदं रान जांभळं. लई सुरेख दिसतंय.

धैर्या जन्मला तवा असाच हुता. तळहातावर मावंल एवढा. चिमणाबाईनं तोंड बघून सांगितलं, ह्ये काय जगत न्हाय, जीव लावू नगंस. म्या कापसात गुंडाळून, चमच्यानं पाजून वाढवला. दोन वर्सात असा गुटगुटीत केला का म्हातारीच त्येला खाली ठिवीना. त्याचं बियाणं बी म्या तसंच वाढवलं. आता कुणी हसत न्हाय. गुंडू सोता म्हणला, काकू, मला इकत द्या. म्या न्हाय दिलं. ते बंगळूरला जाणार हाय म्हटलं.

पोचल्याचं कळव.

अंबूबाई


बंगळूर
३० डिसेंबर २०२४

आत्या,

पार्सल पोचलं. कळवायला उशीर झाला, कामं होती. बी पेरलं आहे. दाणे फार जपून ठेवले होतेत, एकालाही कीड नव्हती.

एक विचारायचं होतं. चाळणीखाली जे बारीक दाणे पडायचे, त्यांचं तुम्ही काय करत होता? डब्याच्या तळाला, कोपऱ्यात, कुणाच्या घरी, कुठेही त्यातले थोडे राहिले असतील तर कळवा. पहिल्या वर्षाचे, दुसऱ्या, कुठल्याही. घाई आहे असं नाही, पण लवकर कळवा.

थंडी असेल. गोधडी घेऊन झोपा.

संयोगिता


शिरोळ
१० जानेवारी २०२५

चि. संयोगिता,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ह्येच्यात तू न्हाईसच. सरकारी कागद आल्यागत वाटलं. काय झालंय? तब्येत बरी हाय न्हवं? का माझं कायतरी लागलं मनाला? तेराव्याचं लिहिलं ते ओकून टाकलं, आता पोटात काय न्हाय.

चाळणीखालचं म्हणतीस, ते काय ठेवायचं असतंय व्हय? ज्वारीत घालून दळलं. उरलं ते भरडून म्हशीला घातलं, दूध वाढलं तिचं. थोडं जरीनाच्या कोंबड्यास्नी दिलं. पुरातनं आणलेल्या डब्यातलं जुनं उरलं हुतं ते बी त्यातच गेलं, समदं खाऊन संपलं. तुला खायला पायजे असलं तर टपोरंच घे की, खुरटं कशाला?

आता माझं ऐक. शिवरात्र झाली का मी यशराजला घिऊन बंगळूरला येणार. रिझर्वेशन करतो म्हणलाय. धैर्याचं बी जिथं पेरलंय त्या रानात मला नारळ फोडायचा हाय. तिथं त्याच्या नावाची पाटी लावत असतील न्हवं? ती बघायची हाय. गावात समद्यांला सांगितलंय. जोतिबाला जाऊन गुलाल-खोबरं उधळून आले. गुंडूच्या मशीनवरच्या पोरांस्नी पेढं दिलं, म्हटलं हसत हुता न्हवं, खावा आता.

लेक गेला तवा मला लोकं बघून गप व्हायची. आता थांबून इचारत्यात, काकू, कवा जाणार बंगळूरला?

तू काय आणू सांग. शेंगदाण्याची चटणी आणतेच.

अंबूबाई


बंगळूर
२० जानेवारी २०२५

आत्या,

हे पत्र यशराजकडून वाचून घेऊ नका. एकट्या बसून वाचा.

रानात धैर्यशीलच्या नावाची पाटी नाही. रानच नाही. तुम्ही पाठवलेलं सोयाबीन त्याचं नव्हतं.

त्याच्या बियाची सगळी किंमत त्याच्या बारीकपणात होती. नाट्टोला बारीकच दाणा लागतो, तो आतपर्यंत चांगला मुरतो, भातात मिसळतो. आपल्याकडचं सोयाबीन मोठ्या दाण्याचं, ते त्यांना चालत नाही. म्हणून तो वर्षानुवर्षं जे झाड सर्वांत बारीक दाणा देईल तेवढंच ठेवत गेला. तुम्हाला ढिगात जे टपोरे दाणे दिसले ते त्याचे नव्हतेच. गुंडूच्या मशीनमध्ये आधीच्या माणसाचं सोयाबीन अडकून राहिलेलं असणार, ते त्यात मिसळलं. तुम्ही तेच वेचलंत, तेच पेरलंत. त्याचं होतं ते चाळणीखाली गेलं. त्याला पांढरी फुलं यायची. जांभळी फुलं गावातल्या नेहमीच्या सोयाबीनची.

पार्सल उघडलं तेव्हाच मला कळलं. तरी मी त्यातले दाणे कुंड्यांत लावले. बी पेरलं असं तुम्हाला लिहिलं ते एवढंच. गच्चीवर कुंड्या ठेवल्या आणि फुलाची वाट बघितली. म्हटलं एक पांढरं फूल येऊ दे, एका झाडावरून मी सगळं परत उभं करीन. गेल्या आठवड्यात फुलं आली. सगळी जांभळी.

कंपनीला नाही म्हणून कळवलं. त्यांनी दुसरीकडे बघितलं आहे.

खरं सांगायचं तर मी तुमच्यावर चिडले. ती पिशवी भिंतीवर फेकली, दाणे घरभर झाले. मनात म्हटलं, या बाईनं माझा नवरा जात्यात घालून दळला. मग खाली बसून दाणे गोळा करताना तुमची कंबर आठवली, ताडपत्रीवर वाकलेली. तुम्ही जे केलंत ते कुठल्याही चांगल्या शेतकऱ्यानं केलं असतं. बारीकच ठेव, एवढं तुम्हाला कुणी सांगितलं नाही. त्यानं नाही, मी नाही.

बंगळूरला या. नारळ फोडायला काही नाही, पण या.

संयोगिता


शिरोळ
३ मार्च २०२५

चि. संयोगिता,

तुझं पत्र आलं त्याला दिवस झालं. लिहाय हात उचलत नव्हता.

आदी मला वाटलं तुझंच चुकलंय. शिकलेल्या माणसास्नी चांगलं दिलं तरी खोट दिसती, असं म्हणून पत्र फळीवर टाकलं. मग सांच्याला म्हशीच्या भरड्याचं पोतं झाडलं. जरीनाच्या खुराड्याम्होरं दोघींनी मिळून माती चाळली. जरीना बिचारी इचारत न्हवती काय शोधतीयास, नुसती चाळत हुती. खुराड्याच्या फळीखाली दहा-बारा दाणं घावलं, बारीक, गोल, काळपट पडल्यालं. वाटीत माती घालून लावलं. रोज पाणी घातलं. कुजलं. तू पयल्याच पत्रात लिहिलं हुतंस दोन वर्सापुढं उगवत न्हाय म्हणून. तरी म्या लावलं.

मग मला धैर्याचा राग आला. लई आला. त्याला अर्धंच बोलायची सवय. ल्हानपणी शाळेत सहल हाय म्हणून सांगायचा, पैशाचं दुसऱ्या दिवशी दारात बूट घालून सांगायचा. जपून ठेव म्हणला. अरं मुडद्या, बारीक ठेव म्हणाय तुझी जीभ झडत हुती का? च्या पीत बसला हुतास की. मी त्याच्या फोटूम्होरं हुभं राहून असं समदं बोलले. यशराजच्या बायकोला वाटलं माझं डोस्कं फिरलं.

तो गेला तवा मी रडले न्हाय, तुला ठावं हाय. पावणं येत हुतं, कुणाला भाकरी, कुणाला पाणी, कुणाला अंथरूण. तू बी रडली न्हाईस. मला वाटलं हिला काय न्हाय. तुला बी माझं तसंच वाटलं असंल. आता रडले. चुलीम्होरं बसून, पदर तोंडात घालून न्हाय, मोठ्यांदा. तू लिहिलंस, जात्यात घालून दळला. तसंच झालं बघ. तीन वर्सं मी त्याच्या भाकऱ्या खाल्ल्या. तू चिडलीस ते लिहिलंस ते बरं केलंस. त्याच्यासाठी माझ्यावर चिडंल असं आता तुझ्याबिगर कोण हाय?

गावात सांगून टाकलं. गुंडूच्या मशीनवर गेले आन् म्हटलं, बंगळूरचं रद्द झालं, माझ्याच हातानं बी गेलं. पोरं खाली बघाय लागली. गुंडू म्हणला, काकू, माझं मशीन झाडून द्यायला पायजे हुतं. म्या म्हटलं, तू झाडलं असतंस तर मी दुसरीकडनं कुठनं तरी टपोरं आणून मिसळलं असतं. खरंच मिसळलं असतं गं. खुरटं मला बघवतच नव्हतं.

शिवरात्र झाली. मी काय आले न्हाय. आता उन्हं वाढली, कंबर धरती. तूच ये. बियाचं काय काम न्हाय राह्यलं, तवा कशाला यायचं असं तुला वाटंल. तरी ये. दोन दिस ऱ्हा, मागल्या खेपंगत सांच्याला पळू नगंस.

डब्यातलं उरलेलं काल बाजारात नेऊन इकलं. घरात ठिवून काय करायचं, त्येच्याकडं बघवंना. व्यापाऱ्यानं मूठभर हातावर घेतलं, फुंकर मारली, शेजारच्याला दावलं. म्हणला, काकू, ह्या हंगामात असला टपोरा दाणा बगितला न्हाय. कुणाचं वाण हाय?

म्या म्हटलं, माझ्या लेकाचं.

तुझी
अंबूबाई